चारशे बारा मिलीमीटर

गोंदियाच्या ज्या कॉलेजात डिंपल लंजे भूमापन आणि भू-माहितीशास्त्राची पदवी घेत होती, त्या कॉलेजाकडे उंची मोजायची दुर्बीण एकच होती. प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात, पिवळ्या पेटीत, वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून ती ठेवलेली असे. कपाटाची किल्ली रेवाराम शिपायाकडे आणि ती लावायची परवानगी इंद्रकुमार सरांकडे. कोणी मागितली की सर म्हणायचे, "पडली तर कोण भरून देणार? तू?" त्यामुळे अडीच वर्षं डिंपलनं ती दुर्बीण फळ्यावर पाहिली, पुस्तकात पाहिली, मोबाइलवरच्या व्हिडिओत पाहिली. परीक्षेत तिच्या सगळ्या भागांची नावं लिहून पैकीच्या पैकी गुणही मिळवले. डोळा मात्र एकदाही लावला नव्हता.

डिंपल सावरबोडीची. देवरीकडच्या हायवेपासून तीनेक किलोमीटर आत असलेलं हे गाव. घर कोहळ्याचं, म्हणजे ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी गावोगावचे तलाव बांधले त्यांच्यातलं. तिचे वडील ईश्वरदास गावतलावाचे पाणकर होते. कोणाच्या बांधीला, धानाच्या खाचराला, कोणत्या दिवशी, किती वेळ पाणी द्यायचं हे पाणकर ठरवतो आणि पाणी पुरलं नाही की शिव्याही तोच खातो. गेली तीन वर्षं ईश्वरदास भरपूर शिव्या खात होते. तलावाची सरकारी दुरुस्ती झाली, पाणी सोडायचं जुनं दगडी तुडुम काढून तिथे सिमेंटचं नवं, लोखंडी दाराचं बसवलं आणि तेव्हापासून दिवाळीच्या तोंडावर, धान भरायच्या वेळी, शेवटच्या बांध्यांना पाणी पोचेनासं झालं. तलावात पाणी दिसायचं, पण दार पूर्ण उघडलं तरी बाहेर यायचं नाही.

"तोंड वर बसलं," ईश्वरदास पहिल्या वर्षापासून सांगत होते. "हातभर वर बसलं." ज्या कार्यालयानं दुरुस्ती केली तिथला इंजिनियर एकदा आला, त्यानं कागद पसरला, बोट ठेवलं आणि म्हणाला, "काका, कागदावर लेव्हल बरोबर आहे." ईश्वरदासना कागद वाचता येत होता, लेव्हल वाचता येत नव्हती.

डिंपल कुडव्यात दोन मुलींबरोबर खोली करून राहायची. घरी फोन केला की हेच रडगाणं ऐकायची. पण तिला तेव्हा स्वतःचंच रडगाणं पुरेसं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत सर्व्हे कॅम्प लागला. हायवेलगतच्या जुन्या विश्रामगृहात दहा दिवस मुक्काम, आणि काम दरवर्षीचं ठरलेलं. विश्रामगृहाच्या पायरीवर उंचीची एक पक्की खूण कोरलेली आहे, तिथून निघायचं आणि सावरबोडीच्या तलावाजवळच्या पुलियावर, म्हणजे लहान पुलावर, जी दुसरी पक्की खूण आहे तिथे पोचायचं. मध्ये तीन-सव्वातीन किलोमीटर. दुर्बीण मांडायची, मागे धरलेली पट्टी वाचायची, पुढे धरलेली पट्टी वाचायची, उचलून पुढे जायचं. शेवटी तुम्ही काढलेली उंची आणि पुलियावर लिहिलेली उंची जुळली की मधली सगळी मोजणी खरी; याला क्लोजिंग आलं म्हणायचं. थोडा फरक चालतो, एवढ्या अंतराला वीसेक मिलीमीटर. त्याहून जास्त निघाला तर पुन्हा सुरुवात.

डिंपलच्या गटात ती, प्रेरणा आणि शुभम. पेटी उघडताना शुभम म्हणाला, "तुम्ही दोघी पट्टी धरा. रीडिंग मी घेतो."

"काऊन?" डिंपल म्हणाली.

"अरे, तुला येतं काय?"

"तुला येतं का?"

शुभमलाही येत नव्हतं. त्यानंही ती आजवर कपाटातच पाहिली होती. तिपाई रोवून बुडबुडा मधोमध आणायला तिघांना मिळून अर्धा तास लागला. दुर्बिणीतून पाहिलं तर पट्टीवरचे आकडे दिसायच्या जागी नुसता धूसर पांढरा ढग. चाक कुठलं फिरवायचं यावर वाद झाला. शेवटी डिंपलनं ते फिरवलं आणि ढगातून लाल-काळे आकडे एकदम वर आले, इतके जवळ की तिला प्रेरणाच्या नखांवरचा रंगसुद्धा दिसला. पहिल्यांदाच. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात.

दुपारी चहाला परतले तर बाकीचे चार गट विश्रामगृहाच्या ओसरीत बसून फील्डबुकं भरत होते. मध्ये गेल्या वर्षाचं एक फील्डबुक उघडं पडलं होतं. मुलं त्यातले आकडे उतरवून घेत होती, दोन-चार मिलीमीटर इकडेतिकडे करून. शुभमनं ते पाहिलं आणि तो डिंपलकडे वळला. "यार, हे लोक तर निपटले. आपण कायको मरून राहिलो?"

"तू उतरव. मी मोजते."

"गटाचं बुक एकच असते."

"मग मोजू."

शुभम वाईट मुलगा नव्हता. कुरकुरत का होईना, तो आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुलियावर पोचले. पुलियाच्या कठड्यावर पांढऱ्या चौकोनात काळ्या रंगानं मोठा आकडा लिहिला होता. डिंपलनं बेरीज-वजाबाकी केली, परत केली, मग वही प्रेरणाकडे दिली. प्रेरणानं केली. तिन्ही वेळा उत्तर एकच. लिहिलेल्या आकड्यापेक्षा चारशे बारा मिलीमीटर जास्त.

"चाळीस सेंटिमीटर!" शुभम खाली बसला. "वीस मिलीमीटर चालते अन् आपले चारशे. आपण रस्ता मोजला का पहाड?"

डिंपलला रडू आलं. अडीच वर्षं जे हातात घ्यायला भांडली ते मिळाल्यावर आपल्याला जमत नाही, असंच तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी ते उलट दिशेनं, पुलियाकडून विश्रामगृहाकडे मोजत गेले. चारशे नऊ. पाचव्या दिवशी पुन्हा सुरुवातीपासून, प्रत्येक पट्टी दोनदा वाचून. चारशे चौदा.

त्या तिसऱ्या आकड्यानं तिचं रडं थांबलं. चूक असती तर ती दर वेळी वेगळी आली असती. एकदा दोनशे, एकदा सहाशे, एकदा उलट्या बाजूला. इथे तिन्ही वेळा जवळजवळ तेच आलं होतं. याचा अर्थ मोजणी बरोबर होती आणि दोनपैकी एक खूण खोटी होती.

ती वही घेऊन सरांकडे गेली. इंद्रकुमार सर ओसरीत खुर्ची टाकून हजेरी भरत होते. त्यांनी आकडा पाहिला, वही मिटली. "ॲडजस्ट करून टाक."

"सर, तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच येतं. मला वाटतं पुलियावरचा आकडा चुकला आहे."

"सहा वर्षं कॅम्प इथंच होतो. सहा वर्षांत तीस गटांचं क्लोजिंग आलं. पाच-सात मिलीमीटरमध्ये आलं. आणि तुलाच चुकलेला दिसतो?"

डिंपल उत्तर देणार होती. पण उत्तर काय आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ते तोंडातून निघेना. पुलियाचा आकडा खोटा असेल तर सहा वर्षांत कोणाचंच क्लोजिंग यायला नको होतं. ज्यांचं आलं त्यांनी दुर्बीण पेटीबाहेर काढलीच नव्हती.

सरांच्याही लक्षात आलं असावं. ते हजेरीकडे वळले. "जा. प्रेरणाला बोलव, तिची सही राहिली आहे."

रविवारी कॅम्पला सुट्टी होती. डिंपल घरी गेली, जेवली आणि आई शांतीबाई "जराशी लेट तं खरी" म्हणत असतानाच बाहेर पडली. पुलियावरचा आकडा ज्या वळणदार हातानं लिहिला होता तो हात तिला ओळखीचा वाटत होता. गावातल्या किराण्याच्या पाटीवर, शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तोच हात होता. रोशन पेंटर दारात बसून ब्रश रॉकेलमध्ये धूत होता.

"दादा, पुलियावर आकडा तुम्हीच लिहिला का?"

"मंग! मीच लिवलो. सात साल झाले. अजून उडला नाई पाहा, आइल पेंट हाय."

"तो आकडा तुम्हाला कोणी दिला?"

"ठेकेदारानं. जुन्या पुलियावर हाच होता म्हने. पाडाच्या आधी त्यानं कागदावर उतरवून ठेवला होता. मले म्हने, नव्यावर तसाच्या तसा लिव."

"पण नवी पुलिया उंच केली ना?"

"केली तं! पावसात पानी वरून जात होतं म्हनून तं केली."

"मग आकडा बदलायला पाहिजे होता, दादा. तो उंचीचा आकडा आहे."

रोशननं ब्रश झटकला. "मले का मालूम, बाई? मले वाटलं पुलियाचा नंबर हाय. गाडीले असते तसा."

डिंपल हसलीही आणि तिला त्या जागी बसून कपाळ बडवून घ्यावंसंही वाटलं. कोणी लबाडी केली नव्हती. ठेकेदारानं जुना आकडा जपून ठेवला होता, रोशननं तो सुबक अक्षरात काढला होता, आणि पुढे सात वर्षं जो आला तो त्या आकड्यावर विसंबून गेला.

घरी येऊन तिनं वडिलांना सांगितलं. ईश्वरदास गुरांना कडबा टाकत होते. ते थांबले. "म्हंजे जो कोनी त्या पुलियावरून मोजन, त्याचं सगळं चारशे मिलीमीटर वर बसन?"

"हो."

"चारशे मिलीमीटर म्हंजे किती?"

डिंपलनं हात पुढे केला आणि दुसऱ्या हातानं कोपरापासून जवळपास बोटांपर्यंत दाखवलं.

ईश्वरदासनी कडब्याची पेंढी खाली टाकली. तोंड धुतलं, डोक्याला गमचा बांधला आणि म्हणाले, "चाल."

तलावाच्या दुसऱ्या टोकाला जुना दगडी सांडवा आहे, तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून वाहून जातं. ईश्वरदासनी त्याच्या भिंतीवरची काटेरी वेल काठीनं बाजूला केली. दगडात एक बाण कोरला होता आणि त्याच्याखाली आकडे, शेवाळानं हिरवे पडलेले. इंग्रजांच्या वेळचे, फुटांमधले. "आमचा आजा म्हने, हे निशान कधी हालत नाई."

सोमवारी डिंपलनं शुभम आणि प्रेरणाला काय सांगितलं कोण जाणे, पण ते आले. विश्रामगृहाच्या पायरीपासून पुलियाला वळसा घालून सरळ सांडव्यापर्यंत मोजत गेले. फुटांचे मीटर केले. फरक आठ मिलीमीटर.

शुभमनं वही हातात धरून दोनदा वाचली. "साला," तो म्हणाला, "आपल्याला येते."

कॅम्प संपला आणि खरा वैताग मग सुरू झाला. डिंपलनं आठ पानांचा अहवाल लिहिला, नकाशा जोडला, आणि सरांच्या खोलीत नेऊन दिला. सरांनी तो या वेळी पूर्ण वाचला. मग दार लोटून घेतलं.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "मला दिसतंय ना, बरोबर आहे. पण मार्चमध्ये समिती येते आहे. मान्यता राहायची की जायची ते तिच्यावर आहे. त्यांच्यासमोर ठेवायला आपल्याकडे काय आहे? एक दुर्बीण आणि सहा वर्षांची फील्डबुकं. त्या प्रत्येक बुकावर माझी सही आहे, डिंपल."

"पण सर, त्या पुलियावरून आमच्या तलावाचं तुडुम बसवलंय. तीन वर्षं लोकांना पाणी—"

"मी अकरा वर्षं तासिकेवर शिकवतो आहे. दर जूनमध्ये मला नव्यानं अर्ज करावा लागतो. तुला माहीत आहे?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तू फक्त पुलियाचं क्लोजिंग लिही. वीसच्या आत. बाकीचं घरी ठेव. तुला पंच्याऐंशी गुण देतो."

डिंपलला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्या रागात त्यांच्या शर्टाची झिजलेली कॉलर मध्ये मध्ये येत राहिली, आणि म्हणून तिला जास्तच चीड आली. धड रागावताही येईना.

तिनं बुक बदललं नाही. शुभम आणि प्रेरणानं मात्र वेगळं बुक मागून घेतलं आणि त्यात क्लोजिंग अकरा मिलीमीटर लिहिलं. शुभम दोन दिवस तिच्या नजरेला नजर देत नव्हता. मग म्हणाला, "घरी सांगून चुकलो की यंदा पास होतोच म्हणून. माझ्यानं नाही होत." ती म्हणाली, "ठीक आहे." ठीक नव्हतं.

मग ती दुरुस्ती करणाऱ्या देवरीतल्या कार्यालयात गेली. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला कारकुनानं विचारलं, "तुम्ही कोण? लाभधारक?"

"लाभधारक माझे वडील आहेत. मी मोजणी केली."

"तुम्ही मोजणीदार?"

"विद्यार्थिनी."

"मग कॉलेजचं पत्र आणा."

कॉलेजचं पत्र म्हणजे इंद्रकुमार सरांची सही. तिसऱ्या खेपेला ती पत्राशिवाय साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. ज्यानं तुडुम बसवलं त्याची बदली झाली होती, हे नवे होते. त्यांनी अहवाल चाळला. "तुमचं म्हणणं, पुलियावरचा बेंचमार्क चुकीचा आहे. पण आमच्या नोंदीत तो बरोबर आहे."

"साहेब, नोंदीत बरोबर आहे, कारण नोंद त्याच्यावरूनच केली आहे."

साहेबांनी अहवाल मिटून तिच्याकडे सरकवला. "अर्ज आवक-जावकला द्या," ते म्हणाले. आवकचा शिक्का घेऊन ती देवरीच्या बसस्टँडवर आली तेव्हा गोंदियाची गाडी समोरून सुटत होती. पुढच्या गाडीला दीड तास होता. तो दीड तास ती शिक्क्याकडे बघत बसली. तारीखसुद्धा आदल्या दिवशीची पडली होती.

मार्चमध्ये समिती आली. सहा वर्षांची फील्डबुकं टेबलावर मांडली होती, निळ्या कव्हरात. मान्यता राहिली. मे महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. पंधरा मुलं होती आणि त्यांना संध्याकाळची रेल्वे गाठायची होती. त्यांनी डिंपलचं बुक उघडलं. "चारशे बारा? हे काय?"

तिनं सांगायला सुरुवात केली. विश्रामगृह, पुलिया, सांडवा. परीक्षक मध्येच म्हणाले, "बेटा, फरक मर्यादेबाहेर गेला तर मोजणी परत करायची असते."

"तीनदा केली, सर."

"मग तीनदा चुकली."

इंद्रकुमार सर बाजूच्या खुर्चीत बसले होते. ते पंख्याकडे बघत होते. डिंपल त्यांच्याकडे बघत राहिली, इतका वेळ की परीक्षकांनी पुढचं बुक उघडलं.

सगळ्या विषयांत पास, प्रात्यक्षिकात नापास. शुभमला ब्याऐंशी मिळाले. त्यानं पेढे आणले नाहीत, एवढं त्याचं खरं.

ती सावरबोडीला परतली ती चिडलेली. कोणी काही विचारलं की तोडून बोलायची. शांतीबाईंनी दोनदा ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं, "आमच्यावर कायले ओरडतेस? आमी नापास केलो का तुले?"

तलाव तेव्हा उतरला होता. नव्या तुडुमाचा उंबरठा, म्हणजे तोंडाचा खालचा काठ, पाण्याच्या वर उघडा पडला होता आणि त्याच्याखाली हातभर पाणी तसंच साचून राहिलं होतं. ईश्वरदासनी सरपंच सुशीलाबाईंना पाळीवर, तलावाच्या बांधावर, आणून ते दाखवलं. सुशीलाबाई म्हणाल्या, "अर्ज दिला ना आपन? चार महिने झाले. किती वाट पाहाची?" ग्रामसभेनं ठराव घेतला, उंबरठा फोडायचा. फक्त किती फोडायचा हे नक्की पाहिजे होतं. जास्त फुटला तर दार बसणार नाही आणि तलाव रिकामा होईल.

सगळे डिंपलकडे पाहू लागले. ती वैतागून म्हणाली, "दुर्बीण कॉलेजात कुलपात आहे. मी कशानं मोजू?"

ईश्वरदास पाण्याकडे बघत होते. "मी अडाणी मानूस," ते म्हणाले, "पन पानी तं सगळीकडे सारखंच असते ना, बाई? इथं एक अन् तिथं एक असं तं नाई होत?"

डिंपल पाण्याच्या काठाशी उतरली. तीन वर्षं पुस्तकात वाचलेलं वाक्य होतं ते, की थांबलेल्या पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे समतल. वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

वाऱ्यानं पान हलत नव्हतं अशा सकाळी त्यांनी काम केलं. सांडव्यापासून पाण्याच्या काठापर्यंत गवंड्याची पारदर्शक नळी, तिच्यात पाणी भरून, टप्प्याटप्प्यानं खाली. काठाला एक खुंटी, तिचं डोकं बरोबर पाण्याला टेकलेलं. तुडुमापाशी दुसरी खुंटी, तीही तशीच. मधल्या दोनशे मीटरांची लेव्हल तलावानं स्वतःच दिली. ग्रामपंचायतीतल्या कागदाप्रमाणे उंबरठा सांडव्याच्या खुणेपेक्षा तीन मीटर साठ सेंटिमीटर खाली असायला हवा होता. निघाला तीन मीटर एकोणीस. डिंपलनं सिमेंटवर खडूनं रेघ मारली. दोन दिवस छिन्नी-हातोडीनं टोच्या पाडल्या, तिसऱ्या दिवशी देवरीहून ब्रेकर आणला. रेघेपर्यंत फोडून काठ घोटून घेतला आणि दार खाली सरकवून बसवलं.

दहा दिवसांत नोटीस आली. चार महिने ज्या अर्जाला उत्तर नव्हतं, त्याच कार्यालयाची. शासकीय बांधकामाची विनापरवानगी तोडफोड केल्याबद्दल खुलासा सादर करावा, मोजणी कोणत्या सक्षम व्यक्तीकडून करण्यात आली ते नमूद करावं. सुशीलाबाई घाबरल्या नाहीत, पण वाचून त्यांनी कागद ईश्वरदासना दिला आणि ईश्वरदासनी डिंपलला. तिनं खुलासा लिहिला. तिन्ही मोजण्या, रोशन पेंटरचं म्हणणं, सांडव्याची खूण, पाण्याची खुंटी, सगळं. शेवटी 'मोजणी करणार' असं लिहून सही केली, आणि सहीखाली हुद्दा लिहायची वेळ आली तेव्हा पेन थांबलं. पदवीधर लिहिता येत नव्हतं. विद्यार्थिनी म्हणावं तर कॉलेज संपलेलं. तिनं पूर्ण नाव लिहिलं, डिंपल ईश्वरदास लंजे, मुक्काम सावरबोडी, आणि तेवढ्यावर सोडलं.

त्या खुलाशालाही उत्तर आलं नाही. ऑगस्टमध्ये कोणीतरी जीपमधून आलं, पुलियाचे आणि तुडुमाचे फोटो काढून गेलं. मग एक दिवस रोशननं सांगितलं की पुलियावरचा आकडा चुन्यानं पुसला आहे. नवा लिहिलेला नव्हता. "मले बोलवतीन म्हनून वाट पाहून राहिलो होतो," तो म्हणाला. "बोलवलंच नाई."

ऑक्टोबरात शेवटच्या बांध्यांना पाणी पोचलं. लोकांनी ब्रेकरवाल्याचं कौतुक केलं, सुशीलाबाईंचं केलं, ईश्वरदासना शिव्या घालणं बंद केलं. चारशे बारा मिलीमीटरचं कोणी काही बोललं नाही. त्यात बोलण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं. डिंपलला ते लागलं आणि आपल्याला लागतंय याचाही तिला राग आला.

नोव्हेंबरात फेरपरीक्षा झाली. कॉलेजच्या आवारातच दोन खुणांमध्ये मोजणी होती. तिनं एकटीनं दुर्बीण मांडली, प्रेरणाच्या धाकट्या बहिणीनं पट्टी धरली, फरक आला चार मिलीमीटर. परीक्षक वेगळे होते. इंद्रकुमार सरांनी तिला चोपन्न गुण दिले. दारात ते म्हणाले, "यंदा कॅम्प दुसरीकडे नेतो आहे." ती थांबली, ते आणखी काही बोलतील म्हणून. ते आत गेले. नंतर रेवारामनं पेटी उचलताना सांगितलं, "ते निळे बुकं सरनं कपाटातून काढून नेले, बरं का. घरी."

गुणपत्रिकेवर प्रात्यक्षिकासमोर फुलीचं चिन्ह आलं, दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण. गोंदियातल्या एका खासगी मोजणी कंपनीत ती मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्या माणसानं फुलीवर बोट ठेवलं. तिनं विश्रामगृहापासून सांगायला सुरुवात केली. त्यानं दोन मिनिटं ऐकलं. "थोडक्यात, क्लोजिंग आलं नव्हतं," तो म्हणाला. नोकरीचं कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही.

डिसेंबरात शेजारच्या गावचे पाणकर ईश्वरदासकडे आले. त्यांचंही तुडुम त्याच वर्षी, त्याच माणसानं बसवलेलं होतं. "तुमची पोरगी पाहून देईल का?" त्यांनी विचारलं.

दुर्बीण तर नव्हतीच. त्या तलावात पाणी काठापर्यंत होतं, वारा सुटला होता आणि लाटा उठत होत्या, त्यामुळे खुंटीचंही काम नव्हतं. उरली नळी. सांडव्यापासून तुडुमापर्यंत अडीचशे मीटर, एका वेळी दहा मीटर. अकराव्या टप्प्यावर डिंपलला नळीत बुडबुडा दिसला, मुगाच्या दाण्याएवढा. तो कधीचा आत होता, पहिल्यापासून की आत्ताच शिरला, ते सांगता येत नव्हतं. बुडबुडा असला की दोन टोकांचं पाणी सारखं राहत नाही, म्हणजे आधीचे दहाही टप्पे संशयात होते. शेजारचे पाणकर म्हणाले, "एवढुशानं का होते?" तिनं नळीचं टोक खाली धरून सगळं पाणी गवतात ओतून टाकलं आणि सांडव्याकडे चालू लागली.